पाच बोल्ट, तीन खाड्या

ज्यांना फक्त मार्ग हवाय त्यांच्यासाठी आधी तोच सांगते. पुणे, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. तिथून बागमांडला-वेसवी फेरीबोटीने सावित्रीची खाडी पार करून केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली. मग दाभोळ-धोपावे फेरीबोट, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. शेवटची तवसाळ-जयगड फेरीबोट, आणि पुढे गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. परतताना आंबा घाट. पाच दिवस, डिसेंबर, जुनी पोलो, मी आणि बाबा. ठरवलेले मुक्काम हरिहरेश्वर, गुहागर आणि रत्नागिरीचे. दापोलीचा मुक्काम एका बोल्टाने करायला लावला, आणि हा सगळा वृत्तांत मुख्यतः त्याचाच आहे.

निघायच्या तीन दिवस आधी मी टायर बदलून घेतले होते. दुकानातल्या मुलाने हवेची गन लावून पाचही बोल्ट घर्रकन आवळले, वर एकदा "घट्ट आहे ना?" म्हणून पुन्हा ट्रिगर दाबला. मीही समाधानाने मान डोलावली. घट्ट म्हणजे चांगलं, एवढीच माझी अक्कल.

हरिहरेश्वरहून सकाळची पहिली फेरीबोट धरा, गर्दी नसते. ओहोटी असेल तर रॅम्पचा उतार जास्त वाटतो. बसकी गाडी असेल तर माणसं आधी उतरवा आणि तिरकी न घेता सरळ चढवा. वेसवीहून केळशीपर्यंत रस्ता अरुंद आहे पण घाई नसेल तर सुंदर.

आडे आणि पाडले यांच्या मधे, सुरूच्या बनाच्या बाजूला, मागचं डावं चाक बसलं. खिळा. बाबा खुशीत खाली उतरले. ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, त्यामुळे पंक्चर म्हणजे त्यांना माहेरचं बोलावणं. पुढच्या चाकाला जांभ्याचा अर्धा चिरा लावला, हँडब्रेक ओढला, जॅक लावण्याआधी बोल्ट सैल करायला घेतले. इथपर्यंत सगळं पुस्तकाबरहुकूम. (चिरा चाकाला अडवायला ठीक, पण जॅकखाली कधीही ठेवू नका, भुगा होतो. जॅकखाली जाड फळीचा तुकडा घरूनच न्या. रस्त्याकडेची लाल माती दिसते तेवढी घट्ट नसते.)

बोल्ट हलेना. गाडीतला पाना वीतभरापेक्षा थोडा मोठा, त्यावर बाबा उभे राहिले तरी ढिम्म. शेजारच्या वाडीतून त्यांनी पाण्याचा इंची लोखंडी पाइप मागून आणला, पान्याच्या दांड्यावर चढवला आणि टोकाशी सगळं वजन टाकलं. कुर्र असा आवाज आला, पाना अर्धा वळसा अगदी लोण्यासारखा फिरला. "सुटला," बाबा म्हणाले. पाना काढला तर आत बोल्टाची मुंडी. मान मोडून एकटी मुंडी.

दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग मी विचारलं, "बाबा, तुम्ही कुठल्या बाजूला फिरवलात?"

जुन्या जड गाड्यांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असायचे, घड्याळाच्या दिशेने फिरवले की सुटायचे. हाताने तीस वर्षं तेच केलेलं. डावं चाक दिसलं आणि हात आपोआप तिकडे वळला. गनने आधीच ताणलेला बोल्ट बाबांनी आणखी आवळला.

नंतर दापोलीत बसून आम्ही हिशेब मांडला, तो इथे देते कारण सगळा प्रकार त्यात आहे. पोलोच्या चाकाच्या बोल्टाला कंपनीने सांगितलेला टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, १२० न्यूटन मीटर (एक किलोचा भार म्हणजे साधारण ९.८ न्यूटन). पाव मीटर लांबीच्या पान्याने तो द्यायला टोकाशी साधारण ४९ किलोचा भार लागतो. माझं वजन ५४. म्हणजे मी त्या पान्याच्या टोकावर उडीबिडी न मारता नुसती उभी राहिले तरी बोल्ट गरजेपेक्षा थोडा जास्तच आवळला जातो. बाबा ७२ किलोचे, पाइपसकट दांडा पाऊण मीटर. ते झाले ५०० न्यूटन मीटरच्या वर. चौपटीहून जास्त. एसटीच्या चाकाच्या जाडजूड नटांना तेवढा जोर लागतो, त्यामुळे बाबांना त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. टायरच्या दुकानातली गनही त्या पट्टीत सहज जाते.

उरलेले चार बोल्ट योग्य बाजूला फिरवून, त्याच पाइपने, पण झटका न देता हळूहळू भार टाकत सोडवले. चाक मग हबला, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या भागाला, चिकटलेलं निघालं. खाऱ्या हवेत रिंग आणि हब यांच्यात गंज धरतो. त्यासाठी जॅकवरच्या गाडीला लाथा घालू नका. बोल्ट अर्धा-एक आटा सैल ठेवून गाडी खाली उतरवा, फूटभर पुढे-मागे ढकला, चाक सुटतं. स्टेपनी चार बोल्टांवर लावून ताशी तीसच्या वेगाने हर्णैवरून दापोलीला आलो. पाचाच्या जागी चार हा फक्त गॅरेज गाठण्यापुरता उपाय आहे, त्यावर पुढची सहल करायची नसते.

दापोलीच्या गॅरेजमधल्या फिटरने चाक काढलं, हबमधून अर्धा इंच बाहेर आलेला बोल्टाचा खुंट पाहिला आणि मुंडी हातात घेऊन विचारलं, "हा कोनी आवळलान? गन मारलान ना?"

बाबा समोरच्या दुकानात चहा आहे का ते बघायला गेले.

मला वाटलं आता ड्रिल, वेल्डिंग, निदान दोन तास. त्याने खुंटावर गंज सोडवायचं तेल मारलं, हातोडीने चार हलके टोले दिले, लॉक होणाऱ्या पकडीने धरून पाव वळसा दिला आणि उरलेला बोल्ट चक्क बोटांनी फिरवून बाहेर काढला. कारण साधं आहे. बोल्ट घट्ट बसतो तो मुंडी आणि आटे यांच्यामध्ये ताणला गेल्यामुळे. मुंडी गेली की ताण गेला. त्यामुळे खुंट बाहेर असेल तर घाबरून ड्रिल करायला देऊ नका, आधी पकड लावायला सांगा. ते जमलं नाही तर खुंटावर नट वेल्ड करून फिरवतात. हबच्या पातळीतच तुटला असेल तर मात्र मधोमध भोक पाडून ईझी-आऊट (तुटका बोल्ट आतून पकडून उलटा फिरवायचं हत्यार) लावावा लागतो आणि त्याला हातखंडा माणूस लागतो.

फिटरकडे डबाभर जुने बोल्ट होते. एकाचे आटे जुळलेसुद्धा (पोलोचे १४ मिलिमीटर जाडीचे, दीड मिलिमीटर पिचचे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर तेवढं). पण त्याने जुन्या तुकड्याशेजारी ठेवून लांबी मापली आणि परत डब्यात टाकला. जास्त लांब बोल्ट आत जाऊन ड्रममधल्या ब्रेकच्या भागांना लागू शकतो. आखूड असेल तर पुरेसे आटे धरत नाहीत. तिसरी गोष्ट बैठक. कंपनीच्या बोल्टाची मुंडीखालची बैठक गोल असते, बाहेरून घेतलेल्या बऱ्याच अलॉय रिंगांना शंकूसारखी लागते. गोल जागेत शंकू बसवला तर तो घट्ट वाटतो, पण टेकतो फक्त एका कडेवर. अलॉय लावली असेल आणि स्टेपनी लोखंडी असेल, तर तिला लागणारे बोल्ट वेगळे आहेत का हे घरीच तपासा. सुरूच्या बनात हा शोध लागून उपयोग नाही.

बाबा चहा घेऊन परत आले ते वेगळाच मुद्दा घेऊन. "एक तुटला, पण बाकीच्या चौघांनीही तोच मार खाल्लाय. पाचही बदल." बरोबर होतं. प्रमाणाबाहेर ताणलेला बोल्ट पुन्हा मूळ लांबीवर येत नाही, आणि तो पुढे कधी दगा देईल ते वरून दिसत नाही. चिपळूणच्या एका दुकानात पाच बोल्ट मिळाले, ते दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलने अकराच्या सुमारास आले. स्टँडवर पुडकं सोडवून घेताना बाबांचा चेहरा जावयासारखा झाला होता.

आता आवळायचं कसं. रिंगची आणि हबची टेकणारी बाजू तारेच्या ब्रशने साफ केली, कारण गंजाचा पापुद्रा मधे राहिला तर तो काही किलोमीटरमध्ये दबतो आणि बोल्ट सैल पडतात. आटे कोरडे ठेवले. इथे फिटरशी थोडा वाद झाला, त्याला ऑइलचा थेंब टाकायचा होता. पण पान्याच्या जोरातला साधारण नव्वद टक्के भाग घर्षणातच खर्च होतो, दहा टक्क्यांच्या आसपास बोल्ट ताणायला उरतो. तेल लावलं की घर्षण घटतं आणि त्याच १२० मध्ये बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. कंपनीचा आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो.

पाचही बोल्ट आधी बोटांनी, निदान पाच-सहा वळसे. बोटांनी जात नसेल तर वाकडा धरलाय, पान्याने रेटलात तर हबचे आटे जातील. मग एक सोडून एक अशा क्रमाने हलके आवळायचे. पाच बोल्टांत एक सोडून एक गेलं की आपोआप चांदणी होते. चार असतील तर समोरासमोर. त्यानंतर गाडी खाली उतरवून, त्याच क्रमाने एक फेरी ६० ची, दुसरी १२० ची.

गॅरेजमध्ये टॉर्क पाना नव्हता. होता तो बाबांचा बॅगा तोलायचा हुकाचा काटा, काजूगर घेताना फसायला नको म्हणून ते बाळगतात. फिटरचा लांब दांड्याचा पाना घेतला, बोल्टाच्या मध्यापासून बरोबर अर्ध्या मीटरवर खडूने खूण केली, तिथे काट्याचा हुक अडकवला आणि दांड्याशी काटकोनात ओढला. पहिल्या फेरीला सव्वाबारा किलो. दुसऱ्या फेरीला साडेचोवीस. अर्धा मीटर गुणिले साडेचोवीस किलो गुणिले ९.८ म्हणजे १२० न्यूटन मीटर. काट्यावर चोवीस आल्यावर माझ्या हाताला जे जाणवलं ते लिहून ठेवण्यासारखं आहे: हे एवढंसंच? मी नेहमी याच्या पुढे नेलं असतं.

तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तकात बघा. मारुतीच्या छोट्या गाड्यांना बोल्टऐवजी नट असतात आणि त्यांना याहून कमी लागतो. पुण्याला आल्यावर मी क्लिक होणारा टॉर्क पाना घेतला. पहिल्या क्लिकला थांबायचं, खात्रीसाठी दुसऱ्यांदा ओढायचं नाही, त्याने बोल्ट सोडवायचे नाहीत आणि ठेवताना आकडा सगळ्यात खाली आणायचा. आता सहलीच्या आदल्या दिवशी पार्किंगमध्येच चारही चाकांचे बोल्ट एकेक करून सोडते आणि पुन्हा आवळते. डिकीत दोन जादा बोल्ट, फळी, तारेचा ब्रश आणि अर्ध्या मीटरचा दांडा असतो.

गुहागरला वारा छान होता, वेळणेश्वर-हेदवी धावतपळत झालं. चाक लावल्यावर ५० ते १०० किलोमीटरमध्ये बोल्ट पुन्हा तपासायचे असतात. दापोलीपासून तवसाळपर्यंत आमचे साधारण तेवढे झाले होते आणि फेरीबोट पलीकडे जयगडला उभी, म्हणजे वेळच वेळ. फिटरकडून विकत घेतलेला पाना काढला, खुणेवर काटा लावला. दोन बोल्ट किंचित फिरले, तीन जागचे हलले नाहीत.

रांगेत टोपली घेऊन बसलेल्या एक मावशी मघापासून काट्याकडे बघत होत्या. शेवटी उठून जवळ आल्या, चाकाच्या मागे वाकून पाहिलं आणि बाबांना म्हणाल्या, "काटा हाय, पन मासली कुठाय?"