आज काय शिकवलं?

"आज काय शिकवलं तिला?" माझ्या पाळणाघरात मुलीला न्यायला आलेल्या बाबांनी दारातूनच विचारलं.

मी म्हटलं, "झाकणं."

त्यांना वाटलं, मी चेष्टा करतेय. पण खरंच! दीड वर्षाची ती पोर सकाळी बराच वेळ डबे आणि झाकणं घेऊन बसली होती. मोठं झाकण छोट्या डब्यावर. घसरलं. पुन्हा तेच. मग झाकण उलटं केलं, कडेवरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं. "मोठंय ना गं ते?" एवढंच म्हटलं मी. मदतीला हात पुढे केला नाही (फार जड जातं हे). शेवटी टक्कन बसलं. तिने लगेच काढलं आणि पुन्हा लावलं!

लहान-मोठं तिला असंच कळतंय. उद्या पेन्सिल धरणारी बोटंही यातूनच तयार होतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या वयासाठी दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल सांगितली, बसल्या वेळी गोष्टी वाचून दाखवा म्हटलं. बाबांचा पुढचा प्रश्न मात्र, "वर्कशीट कधी सुरू करणार?"

पाळणाघर चालवणाऱ्यांनो, तुम्ही यावर काय उत्तर देता?