पत्रिकेवरचं स्वस्तिक

ताईच्या लग्नाची पत्रिका लातूरहून आली. कोपऱ्यांना हळद-कुंकू, मधोमध गणपती, दोन्ही बाजूंना लालभडक स्वस्तिक. इथं जर्मनीत, लाइपझिगमध्ये खालच्या मजल्यावर ऐंशी ओलांडलेल्या एक आजी राहतात. मोठ्या हौसेनं त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी एकदा पत्रिकेकडं, एकदा जिन्याकडं पाहिलं आणि मला आत घेऊन दार लावलं.

मी लगेच वकिली सुरू केली. सु अधिक अस्ति, म्हणजे कल्याण असो. जैनांच्या सातव्या तीर्थंकरांचं, सुपार्श्वनाथांचं हे लांछन, म्हणजे ओळखचिन्ह. दिवाळीत चोपडीवर, नव्या मोटारसायकलवर आम्ही हेच काढतो. नाझी पक्षानं 1920 मध्ये ते झेंड्यावर घेतलं, 1935 मध्ये तोच देशाचा झेंडा झाला. आमचं त्याआधी हजारो वर्षांचं! शिवाय इथल्या फौजदारी कायद्यातल्या कलम 86अ ची बंदी नाझींच्या चिन्हावर आहे, आमच्या देवघरावर नाही.

"माहीत आहे," आजी म्हणाल्या, आणि मला खाली फुटपाथवर घेऊन गेल्या. आमच्या दारासमोर दहा सेंटिमीटरचा पितळी चौकोन बसवलाय. सात महिने मी त्याच्यावरून चालतोय. गॅसच्या पाइपाची खूण समजत होतो. त्यावर एका बाईचं नाव, जन्मसाल, आणि नाझींनी तिला कुठल्या साली इथून नेलं ते. ती याच इमारतीत राहायची.

मला माझी आजी आठवली, औसा तालुक्यातली. निजामाच्या काळात गावागावांत दहशत माजवणारे ते रझाकार. पण 'रझाकार' म्हणजे मुळात स्वयंसेवक, साधा चांगला शब्द. शाळेत असताना हा अर्थ मी तिला मोठ्या तोऱ्यात सांगितला होता. भाकरी थापता थापता ती थांबली. "तू सांग अर्थ. आमी रात्री शिवारात काढल्या," एवढंच बोलली. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी वकिली करायचा तो आमच्याच लातुरात. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट गेली, पण तो शब्द उच्चारला की तिचा आवाज शेवटपर्यंत खाली यायचा. शब्दकोश काढून तिची समजूत घालायची म्हणजे... आणि मी वर नेमकं तेच करून आलो होतो.

वर आलो. स्वस्तिकावर बोट ठेवून आजी म्हणाल्या, हे तुमच्याकडं सुंदर असेल, माझ्या डोळ्यांना ते जमणार नाही. पत्रिका मात्र परत दिली नाही. टेबलाच्या खणात ठेवली, पालथी. मग चष्मा पुसत विचारलं, "हळद लग्नाच्या आदल्या दिवशी असते ना?"