जमादार बाजूला का झाले नाहीत?

टपरीवर, लग्नात, अगदी दहाव्याच्या दिवशीसुद्धा तुम्ही हेच विचारलंत: रात्रीच्या नाकाबंदीवर चोरट्या वाळूचा हायवा, म्हणजे मोठा टिपर, भरधाव येत होता, तर जमादार, म्हणजे आमचे हवालदार, बाजूला का झाले नाहीत? तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो.

दुपदरी रस्त्याचं डांबर 7 मीटर, म्हणजे 23 फूट. पोलीस ठाण्याकडची दोन बॅरिकेडं 6-6 फुटांची. उरले 11 फूट. एसटी, उसाच्या गाड्या जायला तेवढी फट ठेवावीच लागते. हायवा साडेआठ फूट रुंद. तिसरं बॅरिकेड नाही, म्हणून फटीच्या तोंडाशी माणूस उभा राहतो. जमादार तिथं उभे होते.

4 ब्रास ओली वाळू 18 टनांच्या वर भरते, गाडीचं वजन वेगळं. ताशी 60 चा वेग म्हणजे सेकंदाला 16-17 मीटर. नदीकडून निघालेली गाडी दिवे बंद करून येते. नुसता आवाज येतो, आणि रात्री आवाजावरून अंतर कळत नाही. 50 मीटरवर लाल बॅटन दिसला की ड्रायव्हर अप्पर मारतो, म्हणजे मोठे दिवे डोळ्यांवर टाकतो. उरतात 3 सेकंद. पहिलं डोळे दिपण्यात जातं. दुसरं, तो थांबतोय का हे बघण्यात, कारण बहुतेक गाड्या थोडं पुढं येऊन थांबतातच. तिसऱ्यात पाय उचलला जातो, तोवर ड्रायव्हरनंही तीच फट धरलेली असते. बंपरचा कोपरा लागला की बॅरिकेड उडतं. जमादारांना आधी बॅरिकेड लागलं, मग चाक. शिट्टी दोरीसकट डांबरावर सापडली.

चुकलं, नाही म्हणत नाही. पहिलं बॅरिकेड 100 मीटर अलीकडं, पुढची नागमोडी, माणूस बॅरिकेडच्या मागं साइडपट्टीवर, अशी नाकाबंदी लावायची असते. तिला निदान पाच माणसं लागतात. त्या रात्री एक जमादार आणि एक होमगार्ड होता.

ड्रायव्हर का थांबत नाही, तेही ऐका. महसूल संहितेच्या कलम 48 खाली वाळूच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड, वर गाडी अडकते. पोलिसाच्या अंगावर जाण्याला जुन्या दंड संहितेच्या कलम 353 खाली महाराष्ट्रानं शिक्षा 5 वर्षांपर्यंत नेली होती. 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेचं कलम 132 आलं, त्यात ती 2 वर्षांपर्यंतच आहे.

मीही ठाण्यातल्या पोरांना सांगायचो, अडवू नका, नंबर टिपा. पण नंबरप्लेटला ग्रीस फासलेलं असतं, टिपणार काय? आता वाटतं, तरी सांगत होतो तेच बरोबर होतं. मग वाटतं, सगळ्यांनीच बाजूला व्हायचं तर नाकाबंदी लावायचीच कशाला?

त्या जागी अजून दोनच बॅरिकेडं आहेत. फटीच्या तोंडाशी आता एक नवं पोरगं उभं असतं. त्याला काय सांगायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.