चोर्ला उतरताना क्लच धरा

कोल्हापुरातून चोर्ला घाटानं गोव्याला निघताना चौघांनी एकच सांगितलं, "कणकुंबीपर्यंत इंजिन सांभाळ, पुढं काय, उतारच आहे." झालं नेमकं उलटं. चढाला माझी जुनी येझदी मोटरसायकल एकदाही कुरकुरली नाही. गोव्याची हद्द ओलांडून घाट उतरायला लागलो आणि एका वळणात पिस्टननं पकडलं, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसला. मागचं चाक जागीच लॉक. हात क्लचवर होता म्हणून गाडी पडली नाही.

गाडी रोडकिंग, 250 सीसी. अकरा महिने खपून उभी केलेली, बॅरल (सिलिंडर) बोअर करून नवा पिस्टन घातलेला, त्यावर जेमतेम 600 किलोमीटर झालेले. या टू-स्ट्रोकला ऑइल मिळतं ते पेट्रोलमधूनच. उताराला थ्रॉटल मिटून गाडी गिअरमध्ये सोडली की चाक इंजिनाला गरागरा फिरवत राहतं, पण कार्ब्युरेटरमधून पेट्रोल जवळजवळ येत नाही. म्हणजे ऑइलही नाही. मी तरुणपणापासून धुळीच्या ट्रॅकवर रेसा मारल्या. तिथं थ्रॉटल एवढा वेळ मिटून ठेवायची वेळच येत नाही, त्यामुळं हे कधी समोर आलं नव्हतं.

तेव्हा घाटात दर दहा-पंधरा सेकंदांनी क्लच दाबा, एक रेस द्या, सोडा. आख्खा उतार. हात भरून येतो, येऊ दे. न्यूट्रलवर सोडू नका, सगळा भार ड्रम ब्रेकवर येतो. ब्रेकचे लायनर जळका वास मारायला लागले की थांबा. पिस्टन नवा असेल तर पेट्रोलच्या लिटरला 40 मिली ऑइल, एक थेंब कमी नको.

पकडल्यावर लगेच किक मारू नका. मी पाऊण तास थांबलो. तेवढ्यात एक टेम्पोवाला आला आणि घाटाखालच्या साखळी गावापर्यंतचे 4000 रुपये मागितले. वीस-पंचवीस किलोमीटरचे! देऊ नका. इंजिन गार झाल्यावर किक हातानं दाबून बघा, सुटली तर सावकाश निघा.

स्पार्क प्लग काढला तर टोकाजवळ पांढऱ्या भागावर चांदीसारखे बारीक ठिपके. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम. डिचोलीत एका जुन्या मिस्त्रीनं बॅरल उतरवलं. सायलेन्सरच्या बाजूला पिस्टनवर उभे ओरखडे. त्यानं त्यावरून नख फिरवलं आणि म्हणाला, "उपाशी ठेवलीस रे तिला." बॅरलला चिकटलेलं ॲल्युमिनियम पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरनं काढलं, पिस्टन हलका घासला, गॅस्केट बदललं. 700 रुपये. असा माणूस भेटला म्हणून ट्रिप झाली.

घाटाच्या पायथ्याचं गाव केरी, पण मोबाईलवर नुसतं 'केरी' टाकू नका, पेडण्यातल्या समुद्रावरची केरी दाखवतो. तुम्हाला हवी ती सत्तरीतली, अंजुणे धरणाजवळची. पणजीत अटल सेतूवर दुचाकी चालत नाही, जुन्या पुलानं जा.

म्हापशात मित्राकडं तीन दिवस होतो, छान गेले.

येताना सावंतवाडीवरून आंबोलीनं आलो. सगळा चढ. दुसऱ्या गिअरमध्ये, अर्धा थ्रॉटल उघडा, मागं निळा धूर, आणि इंजिनचा आवाज शेवटपर्यंत एकसारखा. जुनी टू-स्ट्रोक असेल तर चोर्ल्यानं उतरा, पण परत आंबोलीनंच या.