वाघदेव, बिबट्या आणि सोसायटीचा ग्रुप

रविवार, रात्री

संध्याकाळी आमच्या नाशिकच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा बिबट्याचा व्हिडिओ. कंपाउंडच्या भिंतीवरून तो चाललाय आणि मागून "अरे तो बघ, तो बघ!" कुठला, कधीचा, कोणी विचारलं नाही. 'पकडून लांब जंगलात सोडा' असं निम्म्यांचं म्हणणं, बाकीच्यांचे नुसते हात जोडलेले.

मागच्या आठवड्यात मावशीकडे बोरिवलीला होते म्हणून हे जास्तच खुपलं. तिथं संजय गांधी नॅशनल पार्क (एसजीएनपी) म्हणजे सुमारे 104 चौरस किलोमीटर जंगल, चहूबाजूंनी इमारती, आत कान्हेरीची लेणी, वारल्यांचे पाडे आणि अर्थात बिबटे. भाच्याला घेऊन सकाळच्या निसर्गफेरीला गेले. फेरी ठीकच, पोरांना पक्ष्यांपेक्षा माकडांत रस. खरी गंमत नंतर, वारली चित्रांच्या वेळी. पाड्यावरच्या एका मावशींनी बांबूची काडी दाताखाली चावून तिचं टोक मऊ केलं आणि तांदळाच्या पिठात बुडवून गेरूच्या कागदावर एक आडवी रेघ ओढली. ती बिबट्याची पाठ. आमच्या पोरांनी सुळे दाखवणारे, रक्ताळलेले वाघ काढले होते. मावशींचा मात्र गुरांच्या शेजारून सरळ निघालेला. भाचा म्हणाला, "हा चिडलेला का नाही?" त्या म्हणाल्या, "तो त्याच्या वाटंनं चाललाय, चिडंल कशाला?"

तिथल्या लोकांनीही हे सुखासुखी शिकलेलं नाही. 2004 च्या सुमारास त्या पार्काभोवती हल्ल्यांनी हाहाकार माजवला होता. 2011 मध्ये वनविभागाने संशोधक आणि नागरिकांना बरोबर घेऊन 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' ही मोहीम सुरू केली. सांगणं साधंच होतं: कचरा पडला की कुत्री वाढतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. पकडून लांब सोडण्याचंही तसंच. जुन्नर भागातले बिबटे नेऊन जिथे सोडले, त्या जागांजवळ माणसांवरचे हल्ले वाढले, हे वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात दिसलं आहे. हे ग्रुपवर टाकलं तर मलाच लांब जंगलात सोडतील.

आपल्याकडे शहराला लागून नॅशनल पार्क नाही, पण बिबट्याला कुठे पार्क लागतो? निफाड-सिन्नरचा ऊस त्याला पुरतो. आणि सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवर दिवाळीतल्या वाघबारशीला वाघदेवाची पूजा होते. लाकडाच्या फळीवर वाघ, नाग, चंद्र, सूर्य कोरून शेंदूर लावलेला तो देव गावाच्या शिवेवर उभा असतो. भीती आहे, म्हणूनच मान आहे. हे सगळं नाशिकपासून दोन-तीन तासांच्या आत, आणि आमच्या कॉलनीतल्या पोरांना बिबट्या फक्त मोबाइलवर माहीत.

पोरांना प्रत्यक्ष दाखवणं नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीत पक्ष्यांच्या बाबतीत जमलंय. 2020 मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं, पण मला मोठेपण वाटतं ते तिथे दुर्बीण लावून पक्षी दाखवणाऱ्या आसपासच्या गावांतल्या पोरांचं. पांडवलेणीच्या पायथ्याशी वनोद्यान आहे, रविवारी गर्दीही असते. तिथे आणखी दिवे नकोत. एक सतरंजी, गेरूचे कागद आणि सुरगाण्याहून आलेला एखादा चित्रकार, बास.

शेवटी ग्रुपवर एवढंच लिहिलं की कोपऱ्यावरचा चिकनच्या कचऱ्याचा ढिगारा आधी हलवू, आणि मुलांसाठी वारली चित्रांची एक सकाळ ठेवू. ढिगाऱ्यावर कोणी बोललं नाही. एकीने विचारलं, "ताई, तुम्ही प्राणीमित्र का?" सेक्रेटरी काकांचा मात्र फोन आला. क्लबहाउस द्यायला तयार आहेत, चित्रकाराच्या एसटीच्या भाड्याचं काय, ते विचारत होते. मानधनाचा विषय त्यांनी काढलाच नाही. तो उद्या मी काढणार आहे.