शेजारणीचा रिकामा बॉक्स

३० जून २०२०, मंगळवार. दुसऱ्या दिवशी आषाढी. आदल्या रात्री सरकारनं ५९ चिनी अ‍ॅप बंद केल्याची बातमी आली होती, आणि सकाळी मी शटर वर करतोय तोवर पायरीवर एक पोरगं उभं. शनिवारीच माझ्याकडून त्यानं फोन नेला होता, चार कॅमेऱ्यांचा, खास टिकटॉकसाठी.

"दादा, हा परत घेताय का?"

"अरे, अ‍ॅप बंद झालंय. फोन चालू आहे की."

"मग त्या फोनचं मी काय करू?"

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्याला म्हटलं, आठ दिवस थांब, दुसरं काहीतरी निघेल. ते निघालंही, पण ते नंतर.

सांगलीत मारुती रोडला माझं मोबाईलचं दुकान आहे. दहा बाय बाराचा गाळा. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा पाणी आत आलं होतं. फर्निचर नवं केलं, मागच्या भिंतीची ओल मात्र गेली नाही. त्या फर्निचरचे हप्ते चालू असतानाच मार्च उजाडला. इस्लामपुरात एका कुटुंबाच्या संपर्कातून पंचवीसएक जण कोरोना पॉझिटिव्ह निघाले आणि अख्खा जिल्हा घरात जाऊन बसला. मीही बसलो. बसल्या बसल्या एकच हिशेब करायचो: लोकांच्या हातात पैसा नाही, लग्नं नाहीत, यात्रा नाहीत, मोबाईल घेणार कोण?

हिशेब सपशेल चुकला. जून निम्मा झाला, शाळा भरल्या नाहीत आणि शाळेचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मात्र भरले. त्यानंतर दुकानापुढं खडूनं आखलेले गोल कमी पडायला लागले. स्वस्तातला स्मार्टफोन मागायला माणसं येत होती आणि नेमका तोच माल नव्हता. लॉकडाऊनमध्ये कारखाने बंद राहिलेले, त्यात गलवानच्या चकमकीनंतर चीनहून आलेला माल बंदरांवर तपासणीसाठी अडकला. डिस्ट्रिब्युटरला दहा पीस मागितले की दोन यायचे, तेही त्याच्या मर्जीच्या रंगाचे.

किमतीवरून रोज एक भांडण ठरलेलं. १ एप्रिलपासून मोबाईलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला होता. दहा हजार मूळ किमतीचा फोन ११,२०० ला जायचा, तो आता ११,८०० ला. कर विक्रीच्या दिवशीचा लागतो, त्यामुळं मार्चपासून कपाटात पडलेला फोनसुद्धा नव्याच दरानं विकायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "लॉकडाऊनचा फायदा उठवताय व्हय?" सुरुवातीला समजावून सांगायचो. नंतर नुसतं बिल पुढं करायला लागलो.

आणखी एक गोष्ट बदलली होती. पूर्वी माणूस डेमो पीस अर्धा तास हातात खेळवायचा, गाणं लावायचा, स्वतःचा फोटो काढायचा. आता मी डेमोला पारदर्शक पिशवी चढवली होती, तरी लोक काउंटरपासून हातभर लांब उभे राहून म्हणायचे, "तुम्हीच दाखवा." मास्कमुळं चेहरा बघून उघडणाऱ्या फोनची मिजासही उतरली. बोटानं उघडतो का, हे आधी विचारायचे.

तर त्या मंगळवारी टिकटॉकवाला गेल्यावर एक काका आले. रिटायर्ड, पांढरा शर्ट, खिशाला पेन. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, "चायनाचा दाखवायचा नाही." मी सॅमसंग आणि नोकिया काढून ठेवले. काकांनी किंमत विचारली, मग मेमरी विचारली, मग जरा गप्प झाले. मग शेजारचा बॉक्स उचलून चष्मा कपाळावर ढकलला आणि मागची बारीक अक्षरं वाचली. मेड इन इंडिया. "हा तर भारतात बनलाय." म्हटलं, हो, बनलाय भारतात, कंपनी चीनची. काका बराच वेळ त्या बॉक्सकडं बघत राहिले. त्याच पैशात दुप्पट मेमरी मिळत होती आणि नातू बंगळुरात होता, व्हिडिओ कॉलवर भेटणारा. शेवटी तोच घेतला. पैसे मोजताना हळूच म्हणाले, "काळं कव्हर घाला. मागचं नाव दिसाय नको." हसू नका. त्या पंधरवड्यात माझी काळी कव्हरं संपली होती.

मग पुण्याहून परत आलेलं आयटीतलं जोडपं. त्यांना वेबकॅम, हेडफोन आणि लॅपटॉप हवा होता. तिन्ही नव्हतं.

त्यानंतरचा माणूस आटपाडीकडचा. त्या भागातली माणसं गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यासाठी, देशभर पांगलेली असतात. हा तमिळनाडूतून परत आला होता, दुकान बंद पडलेलं. पोरीच्या कॉलेजसाठी बारा हजारांचा फोन हप्त्यावर पाहिजे होता. फायनान्सचं पोरगं माझ्याच काउंटरच्या कोपऱ्यात बसायचं. झिरो डाऊनपेमेंटची स्कीम कधीच बंद झाली होती, तरी त्यानं आधार, पॅन सगळं भरलं. स्क्रीनवर गोल फिरलं आणि लाल अक्षरं आली. त्या माणसानं विचारलं, "का नाही?" पोरगं म्हणालं, "कारण आम्हालाबी सांगत नाहीत." पूर आल्यावर घेतलेल्या फ्रिजचे तीन हप्ते त्यानं मोरॅटोरियममध्ये, म्हणजे लॉकडाऊनमधल्या हप्त्यांच्या सवलतीत, पुढं ढकलले होते. त्यामुळं असेल का, असं तो दोनदा पुटपुटला. असेल, नसेल. त्यानं कागद घडी करून खिशात घातले आणि पोरीला फोन लावून सांगितलं, सध्या मैत्रिणीकडं जाऊन बघ. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाची पसंती, गिऱ्हाइकाची पसंती म्हणतात. त्याची पसंती तर सकाळीच झाली होती.

दुपारी त्या ताई आल्या. बुधगावच्या. दीर गाडीवर बाहेर थांबलेला, सोबत सातवीतली मुलगी. तोंडाला पदर घट्ट बांधलेला. त्यांनी कापडी पिशवीतून एक बॉक्स काढून काउंटरवर ठेवला आणि बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यो द्या."

मी बॉक्स उघडला. आत काही नाही, नुसतं एक बिल आणि सिमची पिन.

"हा कुणाचा?"

"शेजारणीचा. तिनं दिवाळीला घेतला. आमालाबी ह्योच पायजे."

ते मॉडेल संपून महिना झाला होता. मी माझी टकळी सुरू केली. तेवढ्याच पैशात ह्यापेक्षा मोठा स्क्रीन, ५,००० एमएएचची बॅटरी, रॅम जादा. मागं तीन कॅमेरे. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चांगला असंल. पर ह्योच पायजे."

"ताई, हा त्याच्यापेक्षा भारी आहे."

"असू दे की. शेजारणीचा पोरगा ह्यातलं समदं बघतो. अडलं की हाक मारायची. तुमचा भारी अडला तर कुनाकडं जाऊ? तुमच्याकडं आठ किलोमीटर येऊ व्हय? एसटीचा पत्ता न्हाई."

अठरा वर्षं मी हे बघत होतो. खेडेगावात एका घरानं एक फोन नेला की त्याच गल्लीतून चार घरं तोच मागायला येतात. आम्ही दुकानदार आपसात म्हणायचो, मेंढरं आहेत, एक गेलं की सगळी. त्या दिवशी पहिल्यांदा ह्या बाईच्या जागी उभं राहून बघितलं. सर्व्हिस सेंटर बंद, दुकानं पाचला बंद, शाळा घरात आलेली आणि सरांना विचारायची सोय नाही. अशा वेळी गॅरंटी कार्ड म्हणजे भिंतीपलीकडचा पोरगा. तीही त्याच मॉडेलपुरती. ताई फोनबरोबर तो पोरगा घ्यायला आल्या होत्या आणि मी त्यांना रॅम सांगत होतो.

मग म्हटलं, त्या पोरालाच विचारू. माझ्या फोनवरून त्याला व्हिडिओ कॉल लावला. दहावीतलं पोर, मागं म्हशीचा गोठा दिसतोय. "काका, सेटिंग उघडून दाखवा," म्हणाला. मी डेमो पीस कॅमेऱ्यापुढं धरला. "वर जावा. अजून. गुगल मीट टाकलंय का ह्यात? आवाजाचं बटन कुठल्या बाजूला हाय?" माझी आजवर कंपनीच्या साहेबांनीही अशी तोंडी परीक्षा घेतली नव्हती. पहिला फोन नापास. दुसरा नापास. तिसरा त्याच कंपनीचा, खालच्या रेंजमधला. तो बघून पोरगं म्हणालं, "काकू, मेन्यू सेम हाय. चालंल."

ताईंनी सुटकेचा श्वास टाकला. मीही. बिलबुक ओढलं, तेवढ्यात इतका वेळ गप्प असलेली मुलगी म्हणाली, "वहीचा फोटो निघतोय का बघायचं राहिलं."

तिनं दप्तरातून गणिताची वही काढली. चुलत्याच्या फोननं फोटो काढून ती गृहपाठ पाठवायची आणि बाईंचा उलटा मेसेज यायचा, अस्पष्ट आहे, परत पाठवा. तीन-तीनदा. वहीत अपूर्णांक होते, पेन्सिलीनं सोडवलेले, टोक गेलेल्या पेन्सिलीनं. मी पान काउंटरवर पसरून फोटो काढला. ट्यूबलाइटची चमक पडली आणि माझ्याच हाताची सावली. मुलीनं पिशवीवरूनच दोन बोटांनी फोटो मोठा केला, डोळे बारीक केले.

"छेदातला ९ मला १ दिसतोय."

पायरीवर उजेडात जाऊन परत काढला. आता ९ होता, पण कडेची ओळ पुसट. फ्लॅश लावून काढला तर पेन्सिल चकाकून नाहीशीच झाली. चौथ्यांदा वही जरा तिरकी धरली, फोन सरळ वरून. मुलीनं छेद तपासला, अंश तपासला, तारीखसुद्धा वाचली. मग आईकडं बघून मान हलवली. कंपनीवाले येऊन मेगापिक्सेल शिकवून जातात, दर महिन्याला एक ट्रेनिंग असतं. टोक गेलेल्या पेन्सिलीचा ९ आजवर कुणी काढला नव्हता.

फोन ७,९९९ चा. ताईंनी कमरेची पिशवी सोडली. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी मिळतं, पेंडीचे पैसे वजा होऊन. तशी तीन बिलं त्यांनी मोडली नव्हती. शंभराच्या, पन्नासाच्या नोटा, सॅनिटायझर मारून मारून मऊ पडलेल्या. साडेसात हजार भरले. त्या फोनमागं मला तीनशे सुटत होते. पाचशे सोडले तर दोनशे घरचे जात होते, म्हणून सोडले नाहीत. वहीत मांडून ठेवले. "पुढच्या बिलाला देती," म्हणाल्या. मुलीनं गुलाबी कव्हरकडं बोट केलं. "काच लावा," ताई म्हणाल्या, "रंगाचं दिवाळीला बघू."

मी काच चिकटवत असताना काउंटरवरच्या टॅबवर बातम्या चालू होत्या. आळंदी-देहूच्या पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीतून पंढरपूरला निघालेल्या. वारी नाही, दिंड्या नाहीत, रस्ता मोकळा. ताईंनी पैशाची रिकामी पिशवी तशीच हातात धरून नमस्कार केला. "माउलीबी एसटीनंच," एवढंच म्हणाल्या. माझा अंगठा काचेवर तसाच राहिला आणि आत हवेचा एक बुडबुडा अडकला. तो काही निघाला नाही. त्यांना सांगितलं, चार दिवसांत बसेल.

दुसऱ्या दिवशी आषाढीला सकाळी सातला फोन. अनोळखी नंबर. "दादा, शेजारणीचा बॉक्स तुमच्याकडंच राहिला न्हवं का? ती मागतीय. बिल त्यातच हाय तिचं."

बॉक्स खरंच काउंटरखाली होता. त्याचं पाप माझ्याच माथी. घाईत मीच आत सरकवलेला. शुक्रवारी माल आणायला माधवनगरला जायचं होतं, तिथून बुधगाव पुढंच. म्हटलं टाकतो.

घर सापडायला वेळ लागला नाही. फोन कुठं आहे ते लांबूनच कळलं. घरात रेंज नव्हती, ती फक्त गोठ्याच्या भिंतीपाशी. तिथं उपडी घमेली, तिच्यावर विटेला टेकवून फोन, पुढं पोतं टाकून मुलगी बसलेली. तास चालू होता. बाई मागच्या दिवशीचे अपूर्णांक तपासत होत्या. मी बॉक्स घेऊन दारात उभा राहिलो. बोलायची सोय नव्हती. ताईंनी ओठावर बोट ठेवून मला तिथंच थांबवलं.

तेवढ्यात म्हैस ओरडली. एकदा नाही, लागोपाठ तीनदा.

फोनमधून बाईंचा आवाज आला, "कुणाची म्हैस आहे? म्यूट करा पाहू आधी."

मुलगी गडबडली. बोट स्क्रीनवर नेलं, थांबली, परत नेलं. भिंतीपलीकडं कुणीतरी कडबा तोडत होतं. विळ्याचा आवाज बंद झाला आणि पलीकडूनच, काही न बघता, पोरगं ओरडलं,

"लाल दाबू नको गं! त्याच्या डावीकडचं!"