घर बघावं मोठ्या तिथीला

साइट दाखवायला बिल्डरचा माणूस बोलावतो ती वेळ बहुतेक करून सकाळी अकराची. शाळेच्या व्हॅन येऊन गेलेल्या, नोकरदार कामाला गेलेले, रस्ता मोकळा, सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी आधीच लावून ठेवलेला. त्या वेळेला नाशिकचा कुठलाही भाग दाखवा, इथंच राहावं असं वाटतं. हिवाळाभर आम्ही अशीच घरं बघितली आणि प्रत्येक वेळी घरी येऊन तोच वाद घातला. मला आवडलेलं ह्यांना लांब, ह्यांना आवडलेलं मला महाग. आजूबाजूची वस्ती कशी आहे, यावर मात्र दोघांकडेही सांगण्यासारखं काही नसायचं.

तोड सासूबाईंनी काढली. "आमच्याकडे मुलगी द्यायची तर आधी त्या गावच्या जत्रेला जाऊन यायचे," त्या म्हणाल्या. "घरात बसवून चहा पाजतात तेव्हा सगळेच चांगले असतात."

म्हटलं, करून बघू. नाशकात चैत्र ते ज्येष्ठ कार्यक्रमांना काही तोटा नाही. त्यात २०२५ चा उन्हाळा. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपलेली, निवडणूक आज होईल उद्या होईल असं चाललेलं. त्यामुळे गल्लोगल्ली 'भावी नगरसेवक' आणि प्रत्येक भावीचा एक तरी कार्यक्रम.

आमची गरज साधी होती. दोन बेडरूम, सगळा खर्च धरून पन्नास लाखांच्या आत. ह्यांची कंपनी सातपूर एमआयडीसीत, माझी नोकरी कॅनडा कॉर्नरला, सासूबाईंचे गुडघे दुखरे म्हणून लिफ्ट हवी, आणि ती चालू हवी. तोवर आम्ही जेलरोडला भाड्याने राहत होतो.

सुरुवात सातपूरपासून केली, कारण ह्यांचा जीव तिथे होता. पाडवा ३० मार्चला होता. पाडव्याला सातपूर गावात यात्रा भरते, बारा गाड्या ओढतात. एकामागे एक बांधलेल्या गाड्या, त्यांवर खच्चून बसलेली माणसं आणि पुढे ओढणारा, भंडारा उधळत. आम्ही मनात धरलेली इमारत तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होती. तिच्याच बिल्डरची आठेक वर्षं जुनी एक इमारत वाटेवर होती. तिच्या खाली उभे होतो तर पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी सासूबाईंना बघून हाक मारली, "अहो आजी, खाली चेंगराल, वर या गॅलरीत."

बिल्डरने दाखवलं नसतं ते घर त्या काकूंनी दाखवलं, तेही न मागता. गॅलरीत जायला बेडरूममधून वाट. बाथरूमच्या बाजूच्या भिंतीला कमरेइतक्या उंचीपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटलेले, पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढलेला. "पाइपाची गळती आहे आतून," काकू म्हणाल्या, "वरच्यांचं तेच, त्यांच्या वरच्यांचंही तेच. आता सवय झाली." पाण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती, शेजारही चांगला होता. पण एका रांगेतल्या सगळ्या मजल्यांना एकाच ठिकाणी ओल येत असेल तर तो एका घराचा दोष नव्हे, कामाची पद्धतच तशी. त्या बिल्डरची नवी इमारत आम्ही तिथल्या तिथे सोडली. सातपूर तेवढं यादीत ठेवलं.

ह्यापुढे नियमच करून टाकला. ज्या भागातलं घर आवडेल तिथे आधी गर्दीच्या संध्याकाळी जायचं, आणि त्याच बिल्डरची जुनी इमारत शोधून तिच्या वॉचमनशी बोलायचं. बाकी ब्रोशर वगैरे नंतर.

कामदा एकादशीला पंचवटीत काळाराम मंदिराचे रथ बघितले. रामरथापुढे मानाचे बुवा रथाकडे तोंड करून उलटे चालतात, ते लहानपणापासून बघत आलेय, तरी दरवेळी अंगावर काटा येतो. गरुडरथ नदी ओलांडून जुन्या नाशकात जातो, रामरथ पंचवटीतच फिरतो. तर त्या दिवशी पंचवटीत गाडी घेऊन शिरण्याचा प्रश्नच नव्हता, आणि हे एका दिवसापुरतं नाही हेही तिथंच लक्षात आलं. रामकुंडावर वर्षभर काही ना काही असतं आणि २०२७ ला सिंहस्थ. ज्यांचा जन्म तिथला त्यांना ह्या गजबजीशिवाय करमत नाही. आम्हाला तिथून रोज सकाळी साडेसातला सातपूरला निघायचं होतं. पंचवटी यादीतून गेली, रथाला मात्र दरवर्षी जाणार.

लॉन्सची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण नाशकात घर घेणाऱ्याला ती उपयोगाची आहे. पूर्वीचा औरंगाबाद रोड, आता छत्रपती संभाजीनगर रोड, दोन्ही बाजूंनी मंगल कार्यालयं आणि लॉन्स. तिथे आतल्या बाजूला एक फ्लॅट फारच मनात भरला होता. पूर्वेची हवा, मागे मोकळी हिरवळ, आणि दर आमच्या आवाक्यातला. सेल्समनने ती हिरवळ 'गार्डन व्ह्यू' म्हणून सांगितली. ती लॉन्सची हिरवळ होती. आम्ही एका रविवारी संध्याकाळी जाऊन आलो, सगळं शांत. निघताना कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून पाण्याची बाटली घेतली आणि सहज विचारलं. दुकानदार हसला. "रविवारी काय बघता ताई? लग्नाच्या तिथीला या. कॅलेंडर बघा, मोठी तिथी धरा आणि रात्री नऊला या."

कॅलेंडर बघून मे महिन्यातली दाट तिथी धरली. गल्लीच्या तोंडाशीच स्कूटर अडकली. दोन्ही कडेला वऱ्हाडाच्या गाड्या, एक तर थेट इमारतीच्या गेटात तिरकी लावलेली, आणि आतला एक रहिवासी गाडी बाहेर काढायला नंबर पुकारत फिरतोय. आम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलो तेव्हा खिडकीची काच बोट लावलं तर थरथरत होती. दहा वाजता डीजे बंद झाला, नियमाप्रमाणे. पण दहानंतरचा भाग कुणी सांगत नाही. जनरेटर चालूच, केटररची भांडी टेम्पोत आदळताहेत, आणि उरलेलं अन्न कंपाउंडच्या कडेला पडल्यावर तिथे जमलेली कुत्री. लेक म्हणाली, "मम्मी, इथे मला झोप येईल का?" तिला झोप कुठेही येते. मलाच आली नसती.

लॉन्सवाल्याचं काही चुकतंय असं मी म्हणत नाही. त्यांचा तो धंदा आहे, आणि आमच्या घरची लग्नंही तसल्याच लॉन्सवर झाली. पण फ्लॅट घेताना मागची हिरवळ कुणाची, हे सातबाऱ्यापेक्षाही आधी विचारावं.

इंदिरानगर आणि पाथर्डी फाट्याकडे बजेटमध्ये बसणारी घरं पुष्कळ. तिथे मैदानावर हॅलोजन लावून रात्रीच्या टेनिस बॉल स्पर्धा, लाउडस्पीकरवर समालोचन. मला ते आवडलं, खरं सांगायचं तर. पोरं रात्री मैदानावर दिसतात ती वस्ती मला सुरक्षित वाटते. अडचण ह्यांच्या येण्याजाण्याची होती. अंबड लिंक रोडने शिफ्ट सुटायच्या वेळी हे एकदा जाऊन आले आणि ह्यांनीच तो विषय बंद केला.

मे महिना लागला की गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, वसंत व्याख्यानमाला. शंभरी ओलांडलेली व्याख्यानमाला आहे ती, यशवंतराव महाराज पटांगणावर, रोज संध्याकाळी. बाबा गेल्यापासून मी जाणं सोडलं होतं, ते ह्या निमित्ताने पुन्हा सुरू झालं. तिथे शहराच्या सगळ्या भागांतून निवृत्त मंडळी येतात. त्यांना वेळ असतो, आठवण असते आणि काही विकायचं नसतं. व्याख्यान संपल्यावर कोण कुठल्या बसने परत जातं, रिक्षा कुठवर मिळते, हेच ऐकत बसले तरी अर्धं काम होतं. त्याच दिवसांत गंगापूर रोडच्या आतल्या बाजूचा एक फ्लॅट आम्हाला अचानक स्वस्तात मिळत होता. गंगापूर रोड आणि आमच्या बजेटमध्ये, म्हणजे काहीतरी असणारच. शेजारी बसलेल्या एका आजोबांना गल्ली सांगितली. त्यांनी उलट विचारलं, "दोन हजार आठला पाणी कुठवर आलं होतं, विचारलंत का?"

२००८ च्या सप्टेंबरातला पूर नाशिककर विसरलेले नाहीत. त्यानंतर गोदावरीच्या काठाला पूररेषा आखल्या गेल्या. निळी रेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामावर कडक बंधनं, लाल आणि निळीच्या मधल्या पट्ट्यात अटी. ह्यांनी नकाशा काढून बघितला तर ती इमारत रेषेला अगदी चिकटून. एजंटला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, त्याला सतरा वर्षं झाली." आम्ही नमस्कार केला आणि निघालो.

ह्या सगळ्या काळात बिल्डरांचे फोन चालूच होते. पाडव्याला बुकिंग करा, स्टॅम्प ड्युटी आमच्याकडे. पाडवा गेला. अक्षय्य तृतीयेला करा, किचन ट्रॉली फुकट. साडेतीन मुहूर्तांपैकी दोन एकाच उन्हाळ्यात येतात, त्यामुळे त्या दीड महिन्यात माणसाला उसंत मिळू नये अशीच त्यांची आखणी असते. मी प्रत्येकाला एकच सांगायचे, पहिला पाऊस बघून ठरवू. जूनमध्ये त्याच ट्रॉल्या 'मान्सून ऑफर' म्हणून परत आल्या.

म्हसरूळ आमच्या यादीत नव्हतंच. तिथे माझी मावसबहीण राहते. तिच्या कॉलनीच्या मंदिराच्या सभामंडपात मुलांचं उन्हाळी शिबिर होतं, म्हणून लेकीला तिच्याकडे सोडायला लागले. सकाळी सोडायचं, दुपारी आणायचं, मध्ये कट्ट्यावर बाकीच्या आयांबरोबर बसायचं. त्या कट्ट्यावर मला कुठल्या इमारतीला टँकर लागतो, कुठल्या विंगची लिफ्ट महिना महिना बंद असते, धुणंभांड्याचे दर, शाळेच्या व्हॅनचे हाल, चामारलेण्यांच्या डोंगराच्या बाजूने पावसाळ्यात साप येतात ते, सगळं कळलं. सापाचं ऐकून मी जरा कचरले. "येतात," एक जण शांतपणे म्हणाली, "सर्पमित्राचा नंबर नोटीस बोर्डावर आहे." मला ते उत्तर पटलं.

त्याआधी चैत्रात, सप्तशृंगीच्या यात्रेच्या दिवसांत, बहिणीकडे मुक्कामाला असताना एक गोष्ट बघितली होती. दिंडोरी रोडने गडाकडे पायी निघालेल्या लोकांना कॉलनीवाले रात्री ताक आणि पाणी वाटत होते. असं पुष्कळ ठिकाणी वाटतात. मी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दुधाची पिशवी आणायला गेले तर काल पातेल्याशी उभी असलेली तीच माणसं गोणी घेऊन ग्लास वेचत होती. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उडालेलेसुद्धा. त्यात एकाचाही फोटो काढणं चाललेलं नव्हतं. सोसायटीच्या मीटिंगला ह्या लोकांशी भांडायला लागलं तरी चालेल, असं मला तेव्हाच वाटून गेलं होतं.

आणि फ्लॅटही कट्ट्यावरच मिळाला. शिबिरातल्या एका मुलाच्या वडिलांची पुण्याला बदली झाली होती, त्यांना विकायचा होता, अजून कुठे जाहिरात दिली नव्हती. सहा वर्षांची इमारत, दुसरा मजला, लिफ्ट आहे. ह्यांना कंपनीला मखमलाबादकडून लिंक रोडने जाता येतं, शहरात शिरायलाच नको. त्या वर्षी मेमध्येच पावसाने झोडपलं, मोसमी पाऊसही वेळेच्या आधी आला. आमच्या पथ्यावरच पडलं. भर पावसात जाऊन पार्किंग बघितलं. रॅम्पच्या पायथ्याशी घोटाभर पाणी साचत होतं, मोटर लावल्यावर अर्ध्या तासात उतरलं. भिंती कोरड्या. बाथरूममागची भिंत मी हाताने चाचपून बघितली, मालकांना काय वाटलं असेल ते असो.

कागदपत्रांचं काम त्या मानाने सरळ झालं. भोगवटा प्रमाणपत्र, सूची क्रमांक दोन (नोंदणीचा उतारा, इंडेक्स टू), शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं ना हरकत, मालकांच्या कर्जाची बाकी. वकिलाने सगळं तपासून दिलं. पार्किंगचा नंबर करारात लिहून घ्या, हे कट्ट्यावरच्या बायकांनी चार-चारदा बजावलं होतं, ते घेतलं. राहतं घर दुसऱ्याकडून घेत असल्याने जीएसटीचा प्रश्न नव्हता. खरेदीखत एकट्या माझ्या नावावर केलं, कारण महाराष्ट्रात बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे आणि नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. कर्जाला मात्र हे सहकर्जदार आहेत. नोंदणी कार्यालयात अंगठ्याचा ठसा देताना हे म्हणाले, "आता मी भाडेकरूच." मी म्हटलं, भाडं वेळेवर द्या.

जुलैमध्ये किल्ली हातात आली आणि सासूबाईंनी चातुर्मासात गृहप्रवेश नको म्हणून सांगितलं. कार्तिकी एकादशीपर्यंत थांबायचं म्हणजे जेलरोडचं भाडं आणि बँकेचा हप्ता दोन्ही चालू. पुष्कळ बोलाचाली होऊन दसऱ्यावर तडजोड झाली, तोही साडेतीन मुहूर्तांतला आहे म्हणून. तोवर रंगकाम आणि खिडक्यांच्या जाळ्या उरकून घेतल्या.